तंजावरच्या मराठी गादीचे परदेशी हितकर्ते : पाद्री श्वार्ट्झ

महाराष्ट्राबाहेर दूर जाऊन स्थायिक झालेल्या मराठी समाजाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे पहिले मोठे प्रकरण तंजावरचे असेल. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास कावेरीच्या काठी भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, तमिळ मुलखाच्या मध्यभागी मराठी दरबार नांदला. त्या दरबाराच्या अखेरच्या वैभवाचे मानकरी म्हणून सरफोजीराजांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. सरस्वती महाल ग्रंथालय पाहून आलेले तर अनेक असतील. मात्र या सरफोजीराजांना बालपणी अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढून पुस्तकांच्या उजेडात आणणारा मनुष्य मराठी नव्हता, तमिळही नव्हता. तो जर्मनीतून आलेला एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ हे त्यांचे नाव. आयुष्याची अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी तमिळ प्रदेशात घालविली. त्यांपैकी शेवटची वीस वर्षे तंजावरच्या मराठी राजवाड्याच्या सावलीत गेली. मातृभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा कधीच घडले नाही.

धर्मप्रसारासाठी आलेला मनुष्य आणि आपल्या धर्मावर दृढ राहिलेले राजघराणे यांच्यामध्ये इतका गाढ विश्वास कसा निर्माण झाला, आणि त्या विश्वासाची किंमत कोणाला द्यावी लागली, हे समजून घेण्यासाठी हे चरित्र पाहावयाचे आहे.

जन्म आणि पूर्वतयारी

श्वार्ट्झ यांचा जन्म ८ ऑक्टोबर १७२६ रोजी प्रशियातील झोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये मोडते. मूल लहान असतानाच आई वारली, पण या मुलाला ईश्वराच्या सेवेस वाहिले आहे हे तिने मरण्यापूर्वी नवऱ्यास सांगून ठेवले होते. पुढे उच्च शिक्षणासाठी ते हाल्ले येथे गेले. धर्मनिष्ठा आणि लोकशिक्षण यांची सांगड घालणाऱ्या तेथील संस्थांची त्या काळी युरोपभर ख्याती होती. हिंदुस्थानातून परत गेलेले वृद्ध धर्मोपदेशक बेंजामिन शुल्ट्झ तेथे तमिळ बायबल छापण्याच्या खटपटीत होते. त्यांना मदत व्हावी म्हणून तरुण श्वार्ट्झ तमिळ शिकू लागले. छपाईचे ते काम तडीस गेले नाही, परंतु शिकलेली भाषा मात्र वाया गेली नाही. हिंदुस्थानात जाण्याविषयी विचारणा होताच ते तयार झाले. कोपनहेगन येथे १७४९ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि १७५० च्या जुलै महिन्यात ते तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले.

तरंगंबाडी हे कोरोमंडल किनाऱ्यावरील बंदर १६२० साली तंजावरच्या नायक राजाने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले होते. पुढे मराठ्यांचे राज्य आल्यावर त्याच्या भोवतालचा सर्व मुलूख भोसल्यांकडे आला. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शौ हे दोन जर्मन धर्मोपदेशक १७०६ साली याच बंदरात आले. हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा तो आरंभ होय. त्सीगेनबाल्ग यांनी तमिळ शिकून नव्या कराराचे भाषांतर केले आणि १७१५ साली ते छापून पूर्ण झाले. देशी माणसांना धर्मोपदेशक करण्याची प्रथाही येथेच पडली. आरोन नावाच्या तमिळ गृहस्थांना १७३३ साली रीतसर दीक्षा देण्यात आली. तंजावरच्या मराठी फौजेत चाकरी केलेला राजनायकन हा तमिळ शुभवर्तमान वाचून या पंथात आला आणि पुढे गावोगाव फिरणारा उपदेशक झाला. श्वार्ट्झ यांच्या आधी चव्वेचाळीस वर्षे ही भूमी अशा रीतीने नांगरली गेली होती.

तमिळ जनांमध्ये

तरंगंबाडीस पोहोचल्यावर चारच महिन्यांत श्वार्ट्झ यांनी पहिले तमिळ प्रवचन केले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या लोकांशी बोलावयाचे त्यांच्या श्रद्धा आपल्याला आतून ठाऊक असल्या पाहिजेत, या जाणिवेने त्यांनी पुढील काही वर्षे तमिळ धार्मिक वाङ्मयाच्या वाचनात घालविली. पुराणकथा, देवतांची चरित्रे आणि लोकांची वचने यांचा त्यांना चांगला परिचय झाला. त्यामुळे देवळाच्या पारावर, पाणवठ्यावर किंवा वाटेवरच्या धर्मशाळेत कोणाशीही ते सहज बोलू शकत. पोर्तुगीज त्या किनाऱ्यावरची व्यवहाराची भाषा, म्हणून तीही आली. तिरुचिरापल्लीस नबाबाच्या लोकांशी संबंध आल्यावर ते फारसी व हिंदुस्थानी शिकले, आणि तंजावरच्या दरबाराची भाषा मराठी आहे असे दिसताच त्यांनी मराठीही आत्मसात केली. एका परक्या माणसाने आपल्या भाषेसाठी एवढे कष्ट घ्यावेत, ही गोष्ट आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांस विशेष जाणवावी अशी आहे.

तरंगंबाडीच्या बारा वर्षांनंतर, १७६२ पासून, त्यांचे कार्यक्षेत्र तिरुचिरापल्ली हे झाले. तेथे इंग्रजांची मोठी छावणी होती. एकीकडे तमिळ वस्त्यांतून उपदेश आणि दुसरीकडे छावणीतील गोऱ्या शिपायांची आध्यात्मिक काळजी अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी उचलली. १७६६ साली तेथे चर्चची इमारत उभी राहिली. सरकारातून मिळणाऱ्या वेतनाचा मोठा भाग ते शाळा आणि मिशनच्या कामात घालीत. ते आजन्म अविवाहित राहिले. राहणी अगदी साधी, आहार बेताचा, आणि अंगावर काळा सुती अंगरखा. पैशाच्या बाबतीत त्यांच्याविषयी कधी कोणास संशय आला नाही, आणि ज्या काळी कंपनीचा लहानमोठा प्रत्येक नोकर नजराण्यांवर गब्बर होत होता त्या काळी ही गोष्ट लोकांच्या नजरेत ठळकपणे भरली.

त्यांच्या कार्याच्या या भागात मराठी समाजाशी निगडित अशी एक हकिगत आहे. तंजावरकडील एक मराठी ब्राह्मण विधवा लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयास राहत होती. सती जाण्याच्या प्रसंगातून त्याने तिला वाचविले, अशी परंपरागत कथा आहे. त्याच्याकडून तिला ख्रिस्ती धर्माचा परिचय झाला आणि तिने श्वार्ट्झ यांच्याकडे दीक्षेची मागणी केली. विवाहावाचून चाललेले सहजीवन धर्मास मान्य नाही, असे सांगून त्यांनी तिला नकार दिला. तो अधिकारी वारल्यानंतर १७७८ साली पाळयंकोट्टै येथे त्यांनी तिला दीक्षा दिली. क्लारिंदा हे तिचे नवे नाव. १७८० साली तेथील ख्रिस्ती मंडळीच्या नोंदवहीत चाळीस नावे होती आणि त्यांत पहिले नाव तिचे होते. तिच्या प्रयत्नाने उभे राहिलेले चर्च १७८५ साली उपासनेस खुले झाले. ब्राह्मण बाईचे देऊळ अशा अर्थाच्या तमिळ नावाने लोक ते ओळखतात. तिरुनेलवेलीकडे पुढे जो फार मोठा ख्रिस्ती समाज वाढला त्याच्या मुळाशी अशी एक मराठी स्त्री आहे. तमिळ लेखक अ. माधवय्या यांनी १९१५ साली तिच्यावर इंग्रजीत कादंबरीही लिहिली.

तुळजाजीराजांचा स्नेह

तंजावरच्या गादीवर १७६३ पासून तुळजाजीराजे होते. संस्कृत, तेलुगू आणि संगीत यांचे रसिक, स्वभावाने उदार, परंतु राज्यकारभारात दुबळे असे त्यांचे वर्णन इतिहासकार करतात. १७६९ साली श्वार्ट्झ यांची व त्यांची पहिली भेट झाली. पुढे अनेक वेळा संभाषणे झाली आणि राजांच्या मनात या पाद्रीविषयी आदर उत्पन्न झाला. श्वार्ट्झ यांनी आपल्याच राज्यात राहावे, अशी त्यांची इच्छा होती. दरबारातील अनेकांना मात्र हा स्नेह रुचत नव्हता. राजांनी आपला धर्म सोडला नाही, आणि पाद्रीसाहेबांनीही त्यांच्यापुढे आपला उपदेश कधी झाकून ठेवला नाही.

हा काळ तंजावरच्या दुर्दैवाचा होता. अर्काटच्या नबाबाचा या सुपीक राज्यावर डोळा होता. कंपनीच्या फौजेच्या मदतीने त्याने १७७३ साली तंजावर घेतले आणि तुळजाजीराजे आपल्याच किल्ल्यात कैदी झाले. लंडनहून आलेल्या हुकमानुसार मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी १७७६ च्या एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा गादीवर बसविले खरे, पण तिजोरी रिती झाली होती आणि किल्ल्यात इंग्रजी पलटण कायमची येऊन बसली होती. अशा वेळी, १७७८ साली, श्वार्ट्झ तंजावरास कायमचे राहावयास आले. मोठ्या देवळाशेजारच्या शिवगंगा किल्ल्यात त्यांनी चर्च बांधले. त्यावर १७७९ हे साल आहे. एका बाजूस राजराज चोळाचे बृहदीश्वराचे गगनचुंबी विमान, समोर शिवगंगा तळे, आणि तळ्याकाठी हे लहानसे चर्च. राजवाडा तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

हैदरअलीकडील वकिली

१७७९ साली मद्रासकर इंग्रजांना हैदरअलीच्या हेतूविषयी शंका येऊ लागली. बोलणी करण्यास कोणाला पाठवावे, हा प्रश्न पडला. कंपनीच्या वकिलांवर हैदरचा काडीचाही विश्वास नव्हता. या ख्रिस्ती साधूला पाठवा, तो मला फसविणार नाही, अशा आशयाचा निरोप त्याच्याकडून आला होता. श्वार्ट्झ यांनी पुष्कळ विचार केला. राजकारणात पडणे त्यांना आवडत नव्हते, परंतु रक्तपात टळत असेल तर जाणे हे कर्तव्य, असे ठरवून ते श्रीरंगपट्टणास गेले. हैदरने त्यांना आपल्याजवळ बसवून आदराने बोलणे केले. निघताना प्रवासखर्चासाठी म्हणून त्याने दिलेली रक्कम त्यांनी परत करू पाहिली आणि ते शक्य न झाल्याने ती तंजावरातील अनाथ मुलांच्या शाळेच्या निधीत घातली. स्वतःसाठी त्यांनी काहीच ठेवून घेतले नाही.

वकिली निष्फळ ठरली. १७८० साली हैदर कर्नाटकात उतरला आणि पुढील वर्षी तंजावर प्रांत त्याच्या फौजेने उजाड केला. गावे जळाली, कालव्यांचे बांध फुटले, हजारो मुले म्हैसूरकडे पळवून नेण्यात आली. त्या धामधुमीतही या वृद्ध पाद्रीला कोणी अडवू नये, असा हुकूम हैदरने आपल्या सरदारांना दिला होता आणि तो पाळला गेला. दोन्ही फौजांच्या छावण्यांमधून निर्धास्तपणे जाऊ शकणारा दुसरा मनुष्य त्या प्रांतात नव्हता.

दुष्काळातील शब्द

श्वार्ट्झ यांचे सर्वांत मोठे कार्य कोणते, असे विचारले तर तंजावरच्या किल्ल्यातील दुष्काळ आठवावा लागतो. वेढ्यासारख्या त्या स्थितीत किल्ल्यात अन्न संपले. रस्त्यावर माणसे मरून पडू लागली. बाहेरच्या गावांत धान्य होते, पण ते आणण्यास बैल मिळेनात. मागे सरकारने रयतेचे बैल वेठीस धरले होते आणि मोबदला बुडविला होता. त्यामुळे राजाच्या अथवा इंग्रजांच्या शब्दावर कोणीही शेतकरी पुढे येण्यास तयार नव्हता. अखेर दरबाराने श्वार्ट्झ यांना गळ घातली. त्यांनी गावोगाव निरोप धाडले आणि मोबदला मी स्वतः चुकविन, असे सांगितले. एकदोन दिवसांत हजारावर बैल गोळा झाले आणि सुमारे ८० हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. पुढे प्रत्येकाचा हिशेब त्यांनी स्वतः बसून चुकता केला. आपल्या निवासाजवळही ते धान्य साठवून ठेवीत व भुकेल्यांना वाटीत. खाणाऱ्याचा धर्म किंवा जात त्यांनी पाहिली नाही.

युद्ध संपल्यावर दुसरे संकट आले. तुळजाजीराजांची मुले एकामागून एक वारली होती, प्रकृती ढासळली होती आणि राजे कारभारावरून मन काढून बसले होते. सरखेलाच्या पदावरील बाबा नावाच्या कारभाऱ्याने वसुलीसाठी रयतेस इतके छळले की शेतकरी घरेदारे सोडून परागंदा झाले. पेरणीचा हंगाम निघून चालला. परत या, यापुढे जुलूम होणार नाही, असे सरकारने सांगितले तरी कोणी आले नाही. तेव्हा पुन्हा श्वार्ट्झ यांनाच शब्द टाकावा लागला, आणि सुमारे सात हजार माणसे त्या शब्दावर परतली. हंगाम बराच पुढे गेला असतानाही त्यांनी रात्रंदिवस खपून शेते लावली. राज्याचा शब्द आणि एका निष्कांचन माणसाचा शब्द यांतला फरक रयतेने असा दाखवून दिला.

याच सुमारास, १७८५ च्या आसपास, रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या योजनेनुसार तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे देशी मुलांसाठी इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांची देखरेख श्वार्ट्झ यांच्याकडे होती. या शाळांत बहुतेक मुले ब्राह्मण व अन्य वरिष्ठ जातींची होती. मुलांना कपटाने ख्रिस्ती करून घेतले जाणार नाही, असे आश्वासन श्वार्ट्झ यांनी दिले आणि ते पाळले. दक्षिण हिंदुस्थानात सरकारी मदतीने चाललेल्या इंग्रजी शाळांची ही सुरुवात होय. कंपनीच्या आणि संस्थानांच्या कचेऱ्यांत पुढे जे दक्षिणी कारकून आणि दुभाषे नावारूपास आले त्यांचा मार्ग येथून निघाला.

बाळ सरफोजी

१७८७ च्या जानेवारीत तुळजाजीराजांनी भोसले घराण्याच्या एका शाखेतील नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच सरफोजीराजे. मृत्युशय्येवरील राजांनी श्वार्ट्झ यांना बोलावून या मुलाचे पालकत्व स्वीकारण्याची विनंती केली. एका हिंदू राजाने आपल्या वारसास ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या हाती सोपवावे, यापेक्षा विश्वासाची मोठी खूण कोणती? श्वार्ट्झ यांनी मात्र नकार दिला. आपणास राजवाड्यात सत्ता नाही, आपल्या नावामुळे मुलाचे शत्रूच वाढतील, तेव्हा राजबंधू अमरसिंगांनी पालक व्हावे, हा सल्ला त्यांनी दिला. तो मानला गेला. मिशनच्या अनाथ मुलांसाठी एका गावाचे उत्पन्नही राजांनी लावून दिले. त्यानंतर लवकरच तुळजाजीराजे निवर्तले.

पण अमरसिंगांनी स्वतःच गादीवर हक्क सांगितला. मुलगा आपल्या आईबापांचा एकुलता एक, वय दत्तकास योग्य नव्हे, आणि दत्तविधानाच्या वेळी राजांचे मन स्थिर नव्हते, असे आक्षेप निघाले. मद्रासच्या सरकारने पंडितांचे मत मागविले. ते अमरसिंगांच्या बाजूने पडले आणि १७८७ साली अमरसिंग राजे झाले. सरफोजींचे दिवस मग राजवाड्याच्या एका कोंदट, अंधाऱ्या भागात जाऊ लागले. शिक्षण बंद झाले, तुळजाजीराजांच्या विधवा राण्यांचीही आबाळ सुरू झाली. श्वार्ट्झ यांना हे कळताच त्यांनी मद्रासकडे तक्रारी केल्या, मुलाच्या रक्षणासाठी पहारा बसविला आणि त्याचे शिक्षण सुरू करविले. अखेर १७९३ साली सरफोजी व राण्या यांना मद्रासेस हलविण्यात आले. श्वार्ट्झ सोबत गेले. तेथे पाद्री गेरिके यांनीही सरफोजींच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. वाचन, भाषा, विज्ञान, वनस्पती, शरीरशास्त्र यांची जी ओढ या राजाला आयुष्यभर राहिली तिची पेरणी याच काळातली.

दरम्यान दत्तकाचा प्रश्न श्वार्ट्झ यांनी पुन्हा उकरून काढला. पूर्वीच्या पंडितांवर दडपण आले होते, असे त्यांनी दाखविले आणि बंगाल व काशीकडील शास्त्र्यांचीही मते विचारात घेतली गेली. दत्तविधान शास्त्रोक्त ठरले आणि लंडनहून सरफोजींच्या बाजूने निर्णय झाला. एका ख्रिस्ती पाद्रीने धर्मशास्त्रातील दत्तकाच्या वादात एवढे खोल शिरावे, हा इतिहासातील एक विलक्षण प्रसंग आहे.

या घटनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमरसिंगांना केवळ खलनायक ठरविणे न्यायाचे नाही. गादीवरचा त्यांचा हक्क कंपनीनेच एकदा मान्य केला होता आणि कंपनीनेच तो काढून घेतला. पदच्युतीनंतर ते तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले आणि १८०२ साली तेथेच वारले. सरफोजी २९ जून १७९८ रोजी गादीवर आले, पण १७९९ च्या ऑक्टोबरमधील तहाने राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजाला तंजावरचा किल्ला, सालीना एक लाख होन आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. ज्या इंग्रजांच्या साहाय्याने मुलाला न्याय मिळाला त्याच इंग्रजांनी न्यायाची किंमत म्हणून राज्य घेतले. तह होण्यापूर्वीच श्वार्ट्झ निवर्तले होते. पण मद्रासच्या सरकारावर त्यांचा असलेला भरवसा पाहता, त्या सरकारचा अंतस्थ हेतू त्यांना पुरता उमगला होता असे वाटत नाही.

अखेर

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, श्वार्ट्झ यांनी तंजावर येथे देह ठेवला. हाताशी वाढविलेले योहान कास्पर कोलहोफ हे त्यांचे काम चालविण्यास होते. सरफोजी त्यावेळी तंजावरात होते. रूढीची पर्वा न करता ते अंत्यदर्शनास आले, शवावर वस्त्र घातले आणि ढसढसा रडले. कबरीपर्यंतही ते सोबत गेले. गावातील हिंदू स्त्रीपुरुषांची एवढी गर्दी झाली की शोकाच्या आक्रोशात अंत्यविधीची गीते नीट म्हणता आली नाहीत. तंजावरच्या सेंट पीटर चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. तिच्यावरील इंग्रजी कविता सरफोजीराजांनी स्वतः रचली.

राजांनी इंग्लंडातील ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारकही करवून घेतले. ते शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. मरणासन्न गुरू बिछान्यावर आहेत, राजा त्यांचा हात हाती धरून उभा आहे, उशाशी पाद्री गेरिके आहेत आणि जवळ शाळेतली मुले दिसतात. एका चर्चमध्ये हिंदू राजाने आपलीच अशी मूर्ती घडवून लावल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण. १८०६ साली क्लॉडियस ब्यूकॅनन तंजावरास आले तेव्हा राजवाड्याच्या दिवाणखान्यातील श्वार्ट्झ यांचे चित्र राजांनी त्यांना अगत्याने दाखविले.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रा केली. छत्रांमधून ब्राह्मणभोजन व सर्वांस अन्नदान चालू ठेवले. त्याचबरोबर कण्णंदगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची व पोषणाची व्यवस्था केली, आणि सरकारी चाकरीतील ख्रिस्ती लोकांना उपासनेसाठी मोकळीक दिली. राजवाड्यात त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. इसापनीतीचे मराठी भाषांतर असलेली बालबोध मुक्तावली १८०६ साली तेथे छापली गेली. मुंबईपुण्याकडे मराठी मुद्रणाचा विशेष पसारा नव्हता त्या काळी तंजावरच्या मुलांच्या हाती हे पुस्तक आले. धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग झाले, नेत्ररोगावरील शस्त्रक्रियांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. सरस्वती महालात ताडपत्रे व पोथ्या यांच्या जोडीला चार हजारांहून अधिक युरोपीय ग्रंथ आले. मरेपर्यंत, म्हणजे ७ मार्च १८३२ पर्यंत, विद्या हाच या राजाचा राज्यकारभार राहिला.

श्वार्ट्झ यांचा दुसरा प्रसिद्ध शिष्य म्हणजे तमिळ कवी वेदनायकम शास्त्री. ते १७७४ साली जन्मले आणि नव्वद वर्षे जगले. त्यांची ख्रिस्ती पदे तमिळ चर्चमध्ये आजही गातात. सरफोजींनी या बंधुतुल्य सहाध्यायास दरबारचा आश्रय दिला. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक हिंदू राजा आणि दुसरा ख्रिस्ती कवी, एकाच गावात वर्षानुवर्षे नांदले.

श्वार्ट्झ यांच्या कार्याच्या मर्यादाही होत्या. त्यांच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ व परैयर यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. जातीचा हा भेद कालांतराने आपोआप विरेल, अशी त्यांची समजूत होती. तो विरला नाही. १८३३ साली बिशप विल्सन यांनी हे भेद मोडण्याचा हुकूम काढला तेव्हा तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत मोठी फूट पडली. लोकांना दुखवावयाचे नाही, हा त्यांच्या स्वभावातला गुण येथे उणेपणा ठरला, आणि त्याचा भार खालच्या पायरीवरच्या माणसांनी सोसला.

तरीही त्यांचे एक मोठेपण वादापलीकडचे आहे. ज्या मुलाचे प्राण, शिक्षण आणि गादी यांचा भार त्यांनी वाहिला, त्या मुलाकडून त्यांनी त्याचा धर्म मागून घेतला नाही. आपली श्रद्धा त्याच्यापुढे मांडली, तो ती स्वीकारील तर आनंद झाला असता हेही उघड होते, परंतु उपकाराच्या बदल्यात ती लादली नाही. आणि शिष्यानेही गुरूचे ऋण फेडताना आपली परंपरा टाकली नाही. दोघे आपापल्या जागी राहिले म्हणूनच एकमेकांवर विसंबू शकले. घरापासून दूर, अन्य भाषिकांच्या आणि अन्यधर्मीयांच्या शेजारी आपण मुलेबाळे वाढवितो, तेव्हा तंजावरच्या या गुरुशिष्यांची गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.

दक्षिणेच्या यात्रेस जाणारी मराठी कुटुंबे बहुधा बृहदीश्वराचे दर्शन घेतात, राजवाडा व सरस्वती महाल पाहतात आणि परततात. यापुढे जाणाऱ्यांनी मंदिरातून बाहेर पडल्यावर शिवगंगा तळ्याच्या बाजूस थोडी वाट वाकडी करावी. तेथील चर्चमध्ये संगमरवरात कोरलेला जो तरुण वृद्धाचा हात धरून उभा आहे, तो आपला सरफोजी आहे.